सोमवारी दाखवते

सुजाता, शाळेच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता, हार घातला होता, आणि संस्थेचे एक गृहस्थ माइकवर सांगत होते की सुजाताबाई अत्यंत शांत आणि मितभाषी होत्या. मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू आणि मितभाषी! परळच्या पुलाच्या एका टोकाला सुरू झालेलं तुझं वाक्य दुसऱ्या टोकाला पोचलो तरी संपलेलं नसायचं. 'हा माणूस नक्की कुणाबद्दल बोलतोय गं?' असं म्हणायला मी सवयीने शेजारी वळले, तर तिथे चित्रकलेचे सर डोळे पुसत बसले होते. मी तोंड मिटून घेतलं आणि सभा संपायच्या आधीच उठून बाहेर आले.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घरी चहा ठेवते आणि गॅस बंद करून गॅलरीत जाते. पेपर तपासायला घेते, एकावर लाल रेघ मारते आणि गठ्ठा बाजूला सारते. मुलगा म्हणतो, आई, डॉक्टरांकडे जाऊ या का? त्याला काय सांगू, मला काय होतंय ते मला चांगलं ठाऊक आहे. तू एक वाक्य अर्धवट टाकून गेली आहेस आणि ते मला पुरं करता येत नाहीये.

शुक्रवारी तू तुझ्या दहावी अ ला 'रासायनिक अभिक्रिया' शिकवत होतीस. शेजारच्या वर्गात मी दहावी ब ला तोच धडा शिकवत होते. तास संपता संपता तुझ्या वर्गातली तनिष्का उभी राहिली आणि तिने विचारलं, 'बाई, रासायनिक बदलात गेलेलं परत येतच नाही का? एकदा पण नाही?' आणि तू म्हणालीस, 'सोमवारी दाखवते.' मग प्रयोगशाळेत जाऊन मोरचुदाची बाटली बाहेर काढून ठेवायला सांगितलंस. रविवारी सकाळी तू गेलीस. बाटली अजून टेबलावर आहे.

आता तूच सांग, मी स्वस्थ कशी बसू? मोरचूद हे माझं हत्यार होतं. आपल्या भांडणात ते नेहमी मी काढायचे आणि तू तोंड फिरवायचीस. माझं हत्यार घेऊन तू सोमवारी वर्गात काय करणार होतीस? इतक्या वर्षांनी माझं म्हणणं मान्य करणार होतीस, की भर वर्गात ते खोडून काढणार होतीस?

भांडण काय होतं हे आपल्या स्टाफरूमच्या भिंतींना पाठ आहे, तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुझा नियम एका ओळीचा होता. परत फिरतं ते भौतिक, परत फिरत नाही ते रासायनिक. बर्फाचं पाणी झालं, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, म्हणजे भौतिक. कागद जळला, राखेचा कागद होत नाही, म्हणजे रासायनिक. दुधाचं दही झालं, दह्याचं दूध होत नाही. तुझा वर्ग ही ओळ आरतीसारखी एका सुरात म्हणायचा आणि भिंतीपलीकडे माझ्या हातातला खडू मोडायचा.

कारण ते खरं नाही गं. अभिक्रिया म्हणजे पदार्थाच्या आतली जुनी बांधणी सुटते आणि नवी बांधणी होते. सुरुवातीला जे होतं ते अभिकारक, शेवटी जे झालं ते उत्पादित, आणि दोन्ही वेगळे पदार्थ. बस्स. वेगळा पदार्थ झाला की नाही, एवढंच विचारायचं. तो मागे फिरतो की नाही, हा निराळा प्रश्न. मी तुला म्हणायचे, तुझ्याच लालबागच्या गल्लीत जाऊन बघ. डंकावर मिरची कांडतात, तिखट होतं. ते तिखट मिरचीच असतं ना? नवा पदार्थ काही झालेला नाही. मग आता त्या तिखटाची परत मिरची करून दाखव मला! तुझ्या नियमाविरुद्ध तुझ्याच गल्लीतली मिरची साक्ष देते.

त्यावर तुझं ठेवणीतलं मालवणी बाहेर पडायचं. 'मिरचेचा काय घेवन बसलंस गो? पेपरात मिरची येना नाय!'

गंमत म्हणजे वर्गात मिरचीचं उदाहरण तूच सगळ्यात झकास द्यायचीस. 'मिरची भाजली ती रासायनिक, कांडली ती भौतिक.' तेवढं एक वाक्य पोरांना जन्मभर पुरतं. पुस्तकातली पानभर व्याख्या एकीकडे आणि हे एकीकडे. कांडपाच्या दिवसांत सगळा वर्ग शिंकत असताना तू हे शिकवायचीस आणि पोरं शिंकता शिंकता लिहून घ्यायची. मला असलं काही सुचत नाही. माझं बालपण दादरच्या हिंदू कॉलनीत पाठांतरात गेलं. तुला हे मी कधी तोंडावर सांगितलं नाही, आज सांगते. तू माझ्यापेक्षा चांगली शिकवायचीस. चुकीचं शिकवायचीस, पण चांगलं शिकवायचीस.

आणि ते समीकरणाचं संतुलन! आपल्या पोरांची ठरलेली चूक. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे पाण्यात एकच. पोरं हुशार, पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली बारीकसा दोन लिहून मोकळी. हिशेब जुळला! आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, ज्याने जखमा धुतात. मी दर वर्षी घसा फोडून सांगायचे, सूत्रातला आकडा म्हणजे त्या पदार्थाची ओळख, तो बदललात तर पदार्थच बदलतो, आकडा वाढवायचा तर सूत्राच्या आधी, मोठा लिहा. पोरं माना डोलवायची आणि परीक्षेत पुन्हा तेच करायची.

तू काय केलंस? फळ्यावर सूत्र लिहिलंस, खालच्या बारीक आकड्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालीस, 'हे पाय. आणि ही सूत्राच्या आधीची जागा, हे मुख. इथे फक्त मुखदर्शनाची रांग आहे. चरणस्पर्श बंद!' गणपतीत लालबागच्या दोन रांगांमधला फरक ज्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत, त्यांना आणखी काय सांगायला हवं? त्या दिवसापासून तुझ्या वर्गात एकानेही सूत्राच्या पायाला हात लावला नाही.

मी स्टाफरूममध्ये आकांडतांडव केलं होतं. विज्ञानाच्या तासाला देव कशाला, उद्या कुणी तक्रार केली तर, वगैरे. तू शांतपणे घावणे खात होतीस. आणि पुढच्याच आठवड्यात मी माझ्या वर्गात फळ्याकडे पाठ करून, आवाज जरा खाली आणून म्हटलं, 'मुलांनो, चरणस्पर्श बंद.' नेमकी तू पॅसेजमधून चालली होतीस. दारातून डोकं आत घालून म्हणालीस, 'काय बाई, रांग कुठवर आली?' वर्ग खो खो हसला. मी एवढी लाल झाले की लिटमस बरा.

मी मोरचुदावर येते. माझं मन सारखं तिथेच जातंय. कॉपर सल्फेटचे ते निळे खडे परीक्षानळीत घालून तापवायचे. खड्यांच्या आत पाणी बांधलेलं असतं, ते सुटून नळीच्या थंड भागावर थेंब जमतात आणि निळ्या खड्यांची पांढरी भुकटी होते. आता नळी गार करून त्यावर पाण्याचे थेंब टाकले की पुन्हा निळं. आणि नुसतं निळं नाही, नळी हाताला गरम लागते. उष्णता बाहेर पडते, म्हणजे आत काहीतरी खरोखर जुळलेलं असतं. ही अभिक्रिया आहे आणि ती परत फिरते. तुझा नियम तिथे साफ मोडतो.

'तो अपवाद,' तू म्हणायचीस.

'अपवाद व्याकरणात असतात, सुजाता. विज्ञानात अपवाद निघाला तर नियम बदलायचा असतो.'

'बदल तू. तुला काय. पोराला आधी एक फळी तरी दे गो उभं राहायला. मग खालचं पाणी दाखव. तू डायरेक्ट पाण्यातच ढकलतेस.'

'आणि ती फळी कुजकी असली तर?'

'दहावीपर्यंत टिकते माझी फळी. पुढचं कॉलेजवाले बघतील.'

तुझ्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. फरक स्पष्ट करा, या प्रश्नाला तुझी पोरं पटापट लिहायची. माझी पोरं पेन चावत विचार करायची आणि बाहेर येऊन म्हणायची, बाई, दोन्ही बाजू लिहिल्या. त्यावर तू माझ्याकडे बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. तेवढ्यापुरती मात्र मितभाषी.

सगळे मला आता समजावतात. देवाला आवडली, सुटली, त्रास तरी झाला नाही, तुम्ही स्वतःला जपा. फोन येतात, मी हं हं म्हणते. माझी आई गेली तेव्हाची तू आठवतेस मला. दहा माणसं माझ्याभोवती हळू आवाजात बोलत होती. तू आलीस, चपला काढल्यास, आईच्या फोटोला नमस्कार केलास आणि कोपऱ्यात पडलेला माझ्या वर्गाचा पेपरांचा गठ्ठा उचलून तपासायला बसलीस. मला वाटलं, चला, ओझं हलकं करतेय बिचारी. थोड्या वेळाने बघते तर एका पोराने 'रासायनिक प्रतिक्रिया' लिहिलंय आणि तू त्याला पूर्ण गुण दिलेस! मी कडाडले. अगं, प्रतिक्रिया म्हणजे कुणी काही बोललं की आपण त्यावर बोलतो ती. ही अभिक्रिया आहे. शब्द चुकला. तू म्हणालीस, पोराला कळलंय ना, मग झालं. मी म्हटलं, शब्द कळला नाही तर काय कळलं कप्पाळ! आलेले पाहुणे आ वासून बघत होते. सुतक चाललेलं घर आणि आपण दोघी एका मार्कावरून हमरीतुमरीवर. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तू मुद्दाम केलं होतंस ते. मला खूप उशिरा उमगलं. रडणाऱ्या माणसाला गोंजारणारे पुष्कळ मिळतात, भांडायला कुणी येत नाही. आता तू गेलीस तर माझ्याशी भांडायला कोण येणार आहे, याचा तू काही विचार केला होतास का?

तुझ्या घरी जाऊन आले. विलास भावोजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. तुझ्या वहिनीने चहा आणला. मी भावोजींना विचारायला नको होतं, माणूस बायको जाऊन सैरभैर झालेला, पण माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, 'भावोजी, सोमवारच्या तासाबद्दल सुजाता काही बोलली होती का?'

ते म्हणाले, 'शनिवारी बांगडे साफ करत होती. मध्येच हसायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, सोमवारी त्या दादरकरणीक दाखवतंय.'

दादरकरीण म्हणजे मी. 'दाखवतंय म्हणजे?' मी विचारलं. 'प्रयोग दाखवते, की... म्हणजे, थांब, दाखवते तिला, असं?'

'आता ते काय मी विचारलं नाय,' भावोजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

दाखवते. बघ कसला शब्द टाकून गेलीस. मुलांना 'सोमवारी दाखवते' म्हणालीस, तो प्रयोग असेल. नवऱ्याला म्हणालीस ती धमकी असेल. किंवा दोन्हीकडे प्रयोगच असेल. किंवा दोन्हीकडे धमकी! घरी येताना मी लालबागपासून चालत निघाले, परळ गेलं, एल्फिन्स्टनचा पूल पाडल्यावर आता कुठून वळायचं तेही न सुचता प्रभादेवीपर्यंत भलत्याच रस्त्याने गेले, आणि सगळ्या वाटेत तो एकच शब्द. एका दुकानदाराने विचारलं, काय दाखवू ताई? मी त्याच्यावर खेकसले.

मुख्याध्यापकांनी तुझा वर्ग माझ्याकडे दिला. बोर्डाचं वर्ष, दुसरं कोण घेणार. मी म्हटलं, दोन्ही तुकड्या एकत्र प्रयोगशाळेत आणा. सोमवार होता. तू ठरवलेला नव्हे, त्याच्या पुढचा. अ तुकडी एका बाजूला उभी राहिली, ब दुसऱ्या बाजूला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर शिकवणीच्या क्लासात ती आपलं भांडण आपसांत भांडतात, हे मला तेव्हा कळलं.

मी बाटली उघडली. निळे खडे नळीत घातले, बर्नर पेटवला. निळा रंग हळूहळू उतरला, वर थेंब जमले, खाली पांढरं. नळी गार होऊ दिली. मग ड्रॉपरने पाणी. निळं! ब तुकडीने टाळ्या वाजवल्या. मी नळी तनिष्काच्या हातात दिली. 'गरम लागतेय ना? म्हणजे नुसतं ओलं नाही झालं. पाणी पुन्हा आत बांधलं गेलं. गेलेलं परत आलं.'

ब तुकडी अ तुकडीकडे बघून खुणा करत होती. अ तुकडीतली पोरं पायांकडे बघत होती. आपल्या बाईंचा नियम मोडलाय आणि त्याची बाजू घ्यायला बाईच नाहीत, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला कसंतरी झालं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं ना?

तनिष्काने नळी परत दिली. 'बाई, आणखी तापवलं तर?'

'तापवायचं नसतं आणखी.'

'पण तापवलं तर?'

अगदी तुझा सूर. तसाच हट्ट. मी खिडक्या उघडायला सांगितल्या, सगळ्यांना मागे सरकवलं, दुसऱ्या नळीत चिमूटभर घेतलं आणि बर्नर मोठा केला. पांढरं झालं, आणि मी थांबले नाही. भुकटी कडेने करडी झाली, मग काळी, आणि नाकात झणझणणारा वास आला. कॉपर ऑक्साइड. मी बर्नर बंद केला, नळी गार होईपर्यंत थांबले आणि पाणी टाकलं. काळंच. आणखी टाकलं. काळंच.

'नाही आलं परत!' अ तुकडीतून कुणीतरी ओरडलं आणि आता टाळ्या तिकडून.

मी त्या काळ्या नळीकडे बघत राहिले. हेच होतं का तुझ्या मनात? त्या दादरकरणीला हे दाखवणार होतीस? परत येतं तेवढ्यावर थांबतेस म्हणून येतं, जरा पुढे जा आणि मग सांग?

'मग बाई, कुणाचं बरोबर?' तनिष्काने विचारलं.

'माझं,' मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. 'पांढरं झालं ती अभिक्रिया, काळं झालं तीही अभिक्रिया. एक परत फिरली, एक नाही. म्हणजे परत फिरणं ही अभिक्रियेची ओळख नव्हेच. नवा पदार्थ झाला का, ते बघा. पेपरातही हेच लिहा.'

मुलं लिहून घेऊ लागली. अ तुकडीसुद्धा. मला ते बघवेना. म्हणून, का कोण जाणे, मी म्हणाले, 'सुजाताबाई सोमवारी काय दाखवणार होत्या, मला माहीत नाही. कदाचित त्यांना माझं पटलं असेल.'

अ तुकडीने एकमेकांकडे बघितलं. मग तनिष्का माझी कीव आल्यासारखी म्हणाली, 'नाही बाई. त्या तुम्हाला खोडूनच काढणार होत्या.'

'कशावरून?'

'हसत होत्या ना.'

सगळी अ तुकडी हो हो म्हणायला लागली. बाई हसत होत्या, हरायचं असलं की बाई हसत नसत, क्रिकेटच्या मॅचलासुद्धा नाही. सगळी हसली, दोन्ही तुकड्या. मीही हसले, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं आणि मुलांना वाटलं बाई काहीतरी लिहिणार आहेत.

म्हणजे तुझ्याकडे उत्तर होतं. काळी नळी हे ते उत्तर नव्हे, ते मी वर्गातच खोडून टाकलं आणि तू इतक्या कच्च्या मुद्द्यावर हसणारी नव्हेस. तुझ्याकडे दुसरं काहीतरी होतं. ते काय, हे मला सुचत नाहीये, सुजाता. भाजी चिरताना, जिना चढताना, पेपर तपासताना मी तुझ्या बाजूने उभी राहते. तुझ्यासारखं बोलून बघते, मालवणीसुद्धा काढून बघते. तुझ्या बाजूने जीव तोडून भांडते, आणि दर वेळी मीच जिंकते.